वाटीवरचा बाण

माझं काम तुकडा नेण्याचं होतं. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण दुसऱ्या शब्दांत सांगायला गेले तर खोटं होईल. ऑपरेशनच्या खोलीत कातडीच्या कॅन्सरचा माणूस टेबलावर निजलेला असायचा. जागा, डोळे उघडे, भूल फक्त कापायच्या जागेपुरती. डॉक्टरसाहेब खराब भाग कापून काढायचे, ओल्या गॉजच्या पट्टीवर ठेवायचे, गॉज एका चपट्या वाटीत, वाटीवर झाकण, आणि वाटी माझ्या हातात. ती घेऊन मी लांब व्हरांड्यातून टोकाच्या खोलीत जायची. तिथं आमच्या मॅडम नव्या मायक्रोस्कोपजवळ बसलेल्या असायच्या. त्या तुकड्याच्या कडा पाहायच्या. कडेला रोग दिसला तर अजून कापायचं, कड स्वच्छ निघाली तर जखम शिवायची. त्यांचा निरोप घेऊन मी उलट पावली परत यायची. तोवर माणूस टेबलावर छताकडे पाहत पडून असायचा.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आमच्याच जिल्ह्यातला आहे एवढं पुरे. तिथल्या कोणाचं वाईट माझ्या मनात नाही. वाईट झालं ते माझ्या हातून झालं, आणि तेच लिहायला बसले आहे.

शाळा माझी चौथीत सुटली. मालक गेल्यावर मी आया म्हणून लागले, तेव्हा सही करता यायची आणि बसची पाटी वाचता यायची, बस्स. मग औषधाच्या बाटल्या वाचल्या, वॉर्डातले फलक वाचले, पेशंट टाकून गेलेली जुनी वर्तमानपत्रं वाचली. असं करत करत लिहायलाही लागले. सगळे मला मावशी म्हणायचे, डॉक्टरसुद्धा.

हा मायक्रोस्कोप कोरोना ओसरल्यावर आला. त्याच्या आधी काय व्हायचं सांगते. तुकडा औषधात टाकायचे, मग मेणात, मग त्याच्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या, आणि आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट. तोवर जखम शिवलेली, माणूस गावी गेलेला. रिपोर्टात लिहून यायचं की कडेला रोग राहिला आहे, परत बोलवा. कोणाला बोलवता? पेरणीचे दिवस असले तर माणूस येत नाही, कापसाचे असले तर येत नाही. आला तोवर रोग खोल गेलेला. नव्या मशीनला मेण लागत नव्हतं, चकत्या लागत नव्हत्या. ताजा तुकडा, अंगातून नुकता निघालेला, रंगाच्या पाण्यात बुडवायचा आणि काचेवर ठेवायचा. पडद्यावर जांभळं-गुलाबी चित्र उमटायचं. मॅडमनी मला एकदा दाखवलं. चांगल्या कातडीची नक्षी ओळीत मांडलेल्या तांदळासारखी, आणि रोग आला की तेच दाणे कोणी लाथ मारून उधळल्यासारखे. मी म्हटलं, "मॅडम, हे तर मलाही कळतं." त्या हसल्या, "मग बसा माझ्या खुर्चीवर."

आता बाणाचं. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या पद्धतीत डॉक्टरसाहेब तुकड्याला डोक्याच्या बाजूनं एक काळा दोरा टाचायचे. त्यावरून कळायचं की ही कड पेशंटच्या डोक्याकडची, ती पायाकडची. नव्या मशीनमध्ये दोरा असला की तुकडा काचेवर सपाट बसेना, म्हणून दोरा बंद झाला. त्याच्या जागी वाटीच्या काठावर लाल बाण चिकटवला. बाण म्हणजे डोकं. वाटीला एका बाजूनं कान होता आणि मॅडमच्या टेबलावर तशीच खाच असलेला साचा. वाटी त्यात एकाच तऱ्हेनं बसायची, बाण भिंतीकडे. हे सगळं मला माहीत होतं असं मला वाटायचं. दोरा बंद झाल्याचं मी पाहिलं होतं. पण दोऱ्याचं काम आता बाणच करतो, दुसरं काहीच करत नाही, हे माझ्या डोक्यात उतरलं नव्हतं. मला वाटायचं, मॅडम एवढ्या शिकलेल्या, मांस पाहून त्यांना कळत असेल डोकं कुठलं नि पाय कुठले. कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझी मोठी जाऊ नाचणगावला राहायची. मी पिपरी मेघेला, तरी सणावाराला माझं पान तिच्याच घरी. मी तिला बाई म्हणायची, ती मला धाकटे. लग्न होऊन आले तेव्हा लुगडं नेसायला मला तिनं शिकवलं. नऊवारी, कासोटा घालून, आणि कमरेला अशी गाठ की श्वास अर्धाच जावा. मी कण्हले की म्हणायची, "ढिलं नेसली त निंदता निंदता वावरातच सुटन सारं. मंग पाह्यतीन लोकं तुह्या तमाशाले." मी नोकरीला लागल्यावर पाचवारीवर आले. ती लुगड्यावरच राहिली, आणि गाठ तिथंच, डाव्या कुशीवर. तिच्या कमरेभोवती काळा करगोटा बांधावा तसा पट्टा पडलेला होता. असा पट्टा आमच्याकडे कितीतरी बायकांच्या कमरेला असतो, त्यात काय पाहायचं?

एका उन्हाळ्यात आम्ही दोघी आंगणात कुरडया घालत होतो. ती साच्यावर जोर द्यायची आणि मधेच डावा हात कमरेला लावायची. वारा माझ्याकडे फिरला आणि मला वास आला. तो वास मी नोकरीत रोज घेतलेला होता. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"बाई, काऊन हात लावून राह्यल्या कमरेले?"

"काई नाई वं. गाठ रुतते."

"दाखवा."

"आता इथं आंगनात लुगडं सोडू काय तुह्यासाठी? तुहे भासरे ओट्यावर बसून हायेत, त्यायलेही बोलावतं का पाहाले?"

मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. गाठ सोडली तर आत फडकं, फडक्याखाली हळद, हळदीखाली जखम. लिंबाच्या फोडीएवढी, कडा बाहेरून उलटलेल्या, मध्ये लालभडक.

"किती दिवस झाले हिले?"

"दिवस काय पुसतं? तुह्या पुतन्याचं लगन झालं, त्याच्या आंधीची हाये."

त्या पुतण्याचा पोरगा आता शाळेत जातो.  खोबरेल तेल लावून झालं होतं, निंबाचा पाला वाटून झाला होता, कोणीतरी दिलेली पांढरी भुकटी झाली होती. जखम भरून यायची, लुगड्याची गाठ तिच्यावर बसायची, पुन्हा उघडायची. मी म्हटलं, "बाई, लुगडं तरी सोडायचं. सून घालते तसा गाऊन घालायचा." तर म्हणते, "पोत्यात बटाटे भरल्यावानी दिसन मी." आणि हसली. मला हसू आलं नाही.

भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, मी आयुष्यात फार बोललेले नाही, आमच्यात तशी रीत नाही. त्या दिवशी दाराआडून बोलले. ते म्हणाले, "तुमाले समजते त्यातलं. न्या." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. आधी कणभर तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. डॉक्टरसाहेबांनी जांघेत हात लावून पाहिलं, गाठ नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, अजून वेळ गेलेली नाही. चारी कडा स्वच्छ ठेवून सगळं निघालं, तर तुमच्या जाऊबाई सुटल्या. एक कड राहिली तर मात्र हा रोग थांबणारा नाही." मी हे बाईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "कडा पाह्यते कोन?" मी म्हटलं, "आमच्या मॅडम. आन् तुकडा नेतो आमी." तेव्हा तिला धीर आला. सगळ्या वॉर्डाला सांगत सुटली, "आमची धाकटी डॉक्टरीन हाये इथली."

वॉर्डात तिची खाट खिडकीजवळ मिळाली. पहिल्याच दुपारी सिस्टर ओरडत आली, "आजी, सलाईनचा स्टँड इकडं, आणि तुम्ही उशी तिकडं काय नेली?"

"स्टँडच तिकडं ने नं माय. ह्या खाटेचं डोकं उत्तरेले हाये. उत्तरेले डोकं मेलेल्या मानसाचं राह्यते. म्या अजून मेली नाई."

आजूबाजूच्या बायका हसल्या, सिस्टरही हसली, आणि खरंच स्टँड फिरवला. हे हसण्यावारी नेण्यासारखं आमच्या घरात कधीच नव्हतं. माणूस गेला की त्याला खाटेवरून खाली घेतात, जमीन सारवून त्यावर निजवतात, डोकं उत्तरेकडे. म्हणून जित्या माणसानं तसं निजायचं नाही. मी नवी सून असताना दुपारी एकदा चुकून तशी आडवी झाले, तर बाईनं पाय धरून मला चटईसकट फिरवलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "तिथल्या टेबलावर डोकं कोनीकडं राह्यते?"

मी डोळे मिटून खोली आठवली. "पूर्वेले."

"बरं हाये. आन् तुकड्याचं?"

"तुकड्याले डोकं राह्यते काय बाई?" मला हसू फुटलं.

"हासू नको. माह्याच आंगाचा हाये नं तो. मी इकडं जिती, आन् तो तिकडं उत्तरेले डोकं करून पडला त? तो मेल्यावानी झाला म्हंजे मी काय झाली? दुसऱ्या कोनाच्या हाती नको देजो. तूच नेजो. नीट ठेवजो त्याले."

मी वेणी घालता घालता हो म्हटलं. लहान पोराला म्हणावं तसं.

सकाळी तिला आत घेतलं. अंगावर हिरवी चादर, कमरेची डावी बाजू तेवढी उघडी. दवाखान्याचा गाऊन घातलेली बाई मला कोणीतरी परकीच वाटत होती. डॉक्टरसाहेबांनी जखमेभोवती शाईनं रेघ ओढली, भूल दिली आणि कापायला लागले.  तुकडा निघाला तो लंबगोल, मोठ्या वांग्याच्या कापासारखा. वरची कड नि खालची कड अगदी एकासारखी एक. त्यांनी तो गॉजवर ठेवला, बाणाकडे पाहून नीट लावला, झाकण घातलं. "चला मावशी."

वाटी अजून कोमट होती. शेकडो वेळा ती वाट चालले असेन, पण कोमटपणा हाताला त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

टोकाच्या खोलीत मॅडम हात धुवायला गेल्या होत्या. मी साच्यात वाटी बसवायला वाकले आणि थांबले. समोरची भिंत. त्या भिंतीपलीकडे दवाखान्याचं मागचं फाटक, आणि फाटकाच्या त्या बाजूला नागपूरचा रस्ता. म्हणजे भिंत उत्तरेची. बाण उत्तरेला. इतके दिवस इतक्या लोकांचं मांस मी तिथं उत्तरेला डोकं करून ठेवत आले, तेव्हा कधी मनाला शिवलं नाही. ती दुसऱ्यांची माणसं होती. हिच्या वेळी माझा हात पुढे जाईना.

आधी मी वाटीच फिरवून पाहिली. कान आडवा आला, साचा घेईना. मग झाकण काढलं, चिमट्यानं गॉजचं टोक धरलं आणि तुकड्यासकट गॉज अर्धं फिरवलं. अलगद, निजलेल्या माणसाला फिरवावं तसं. आता डोकं दक्षिणेकडे आलं. झाकण लावलं, वाटी साच्यात बसवली. बाण भिंतीकडेच होता. मॅडम हात पुसत आल्या तेव्हा मी शहाण्यासारखी बाजूला उभी होते. मनात म्हटलं, घ्या बाई, झालं तुमच्या मनासारखं.

मॅडमनी तुकडा रंगात बुडवला, काचेवर ठेवला, पडद्याकडे पाहू लागल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तीन बाजू स्वच्छ आहेत. पायाकडच्या कडेला आहे अजून." पडद्यावर दाणे उधळलेले मला पण दिसले. त्यांनी कार्डावर लंबगोल काढला, खालच्या बाजूला लाल रेघ मारली आणि कार्ड माझ्याकडे दिलं. मी सगळी वाट "पायाकडची, पायाकडची" पुटपुटत आले.

बाई टेबलावरून बोलली, "झालं काय वं?"

"थोडं राह्यलं बाई. जराकसंच."

डॉक्टरसाहेबांनी पायाच्या बाजूची अजून एक पट्टी काढली. चांगल्या कातडीची पट्टी. ती मी नेली, तीही फिरवूनच ठेवली. मॅडमनी पाहिलं आणि मान वर करून हसल्या. "स्वच्छ. सांगा तुमच्या जाऊबाईंना." त्या वयात मी व्हरांड्यातून पळाले. "सुटल्या बाई तुमी!" असं ओरडत ऑपरेशनच्या खोलीत शिरले, तर डॉक्टरसाहेबांनी डोळे वटारले. मग तेही हसले. त्यांनी टाके घातले. दुपारी मी तिला माझ्या हातानं चहा पाजला.

जखम सुरेख भरली. बाईनं गाऊन घालायला सुरुवात केली. "आलं तुह्यं बटाट्याचं पोतं," असं म्हणत ती मला दारात भेटायची.

पोळा होऊन गेला होता. बाळंतपणाच्या वॉर्डातून एक आया आमच्याकडे बदलून आली. माझ्यापेक्षा थोडीच लहान. मी रिटायर व्हायला आले होते, म्हणून तिला माझं काम शिकवायचं होतं. मॅडम तिला समजावत होत्या आणि मी कौतुकानं शेजारी उभी होते. मॅडम म्हणाल्या, "वाटी हलली तरी चालेल, पण आतलं गॉज हलवायचं नाही. तुकड्यावर दुसरी कुठलीच खूण नसते. मला सगळं फक्त ह्या बाणावरून कळतं. गॉज फिरलं तर मी डोक्याला पाय म्हणेन, आणि सर चुकीच्या बाजूनं कापतील."

ती आया म्हणाली, "असं कोन कायले फिरवन मॅडम?"

मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मावशींकडून शिका. एकदाही चूक नाही झाली त्यांची."

मी संडासात जाऊन कडी लावली. नळ सोडला. किती वेळ बसले आठवत नाही. बाहेर आले तेव्हा त्या नव्या आयानं विचारलं, "तब्येत ठीक नाई काय?" मी म्हटलं, पित्त झालं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, ओला पदर घेऊन, मॅडमच्या खोलीत जाऊन. रोग डोक्याकडच्या कडेला राहिला होता, टाक्यांच्या वर, कातडीच्या आत, आणि हे साऱ्या जगात एकट्या मला माहीत होतं. नोकरीची भीती नव्हती, ती तशीही संपतच आली होती. भीती होती बाईच्या तोंडाची. ती मला काय म्हणेल याची. मग मन कारणं शोधायला लागलं. डॉक्टरसाहेबांनी वरच्या बाजूनंही थोडी चांगली कातडी धरूनच कापलं असेल. कणभर राहिलं असेल तर भरताना मरून गेलं असेल. मशीनचं काय सांगता येतं. असं दिवसभर चालायचं. दर रविवारी मी नाचणगावला जायची, "पाहू बाई जखम" म्हणायची आणि अंगठा टाक्यांच्या वरच्या बाजूनं फिरवायची. मऊ लागलं की पुढच्या रविवारपर्यंत गप्प. बाई म्हणायची, "केवढी काळजी करतं वं." ते ऐकणं फार कठीण होतं.

दिवाळी गेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले तेव्हा अंगठ्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. टाक्यांच्या वर. मी दोनदा दाबून पाहिलं.

"दुखते काय?"

"नाई. काऊन?"

"असंच."

वाण म्हणून तिनं मला कुंकवाचा करंडा दिला. मी विधवा. आमच्याकडे देत नाहीत. ती मात्र दरवर्षी द्यायची, बायका काय म्हणतात ते न पाहता. तो करंडा हातात घेऊन मी बसनं परत आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या पुढे उभी राहिले.

सगळं सांगितलं. उत्तरेचं पण सांगितलं. मॅडमनी मला दोनदा विचारलं, "अर्धं फिरवलंत? नक्की अर्धं?" मग चष्मा काढून ठेवला. फाईल मागवली, ते कार्ड काढलं आणि उलटं धरलं. लाल रेघ वर आली. 

"पोळ्यालाच सांगितलं असतं मावशी, तर..." त्यांनी कार्ड फाईलीत ठेवलं. मग म्हणाल्या, "मांसावरच खूण करायला हवी होती. ती मी केली नाही. एकट्या स्वतःवर घेऊ नका." पण मला ठाऊक आहे, खूण नव्हती म्हणून तुकडा आपोआप फिरला नव्हता.

त्या दिवसापासून तिथं शाई आली. डोक्याकडे लाल, पायाकडे निळी, थेट मांसावर. आता गॉज कसंही फिरवा.

बाईला पुन्हा घेतलं. ह्या वेळी भूल पूर्ण. रोग वरच्या बाजूनं आत गेला होता, आणि जांघेत एक गाठही सापडली. तीही काढली. मग रेडिएशनचा शेक द्यायला रोज नेणं-आणणं. डावा पाय सुजून खांबासारखा झाला. डॉक्टरसाहेबांनी घरच्यांना सांगितलं की पहिल्या वेळी एका कडेला रोग राहून गेला होता, तपासताना चूक झाली. माझं नाव घेतलं नाही. त्यांनी नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाईला मात्र मीच सांगितलं. दुपारची वेळ होती, शेजारची खाट रिकामी. मी तिच्या सुजलेल्या पायाला तेल लावत होते.

"बाई, तो तुकडा म्या फिरवला होता."

"कोनता?"

"पयला. टेबलावर त्याचं डोकं उत्तरेले येत होतं. म्या फिरवून ठेवला. म्हनून मॅडमले उलटं दिसलं. तिकडचं कापायचं सोडून इकडचं कापलं. माह्यामुळं राह्यलं ते आत."

 माझा हात तिच्या पायावर तसाच होता. काढावा की ठेवावा कळेना.

"म्हंजे उत्तरेले नव्हतं नं डोकं?"

"नव्हतं."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "लाव तेल."

मी ते क्षमा समजून घरी आले. दोन महिन्यांनी कळलं तसं नव्हतं. मी तेव्हा रिटायर होऊन नाचणगावलाच राहायला गेले होते, तिचं सगळं करायला. दुखणं फार वाढलं होतं. एका सकाळी मी पाण्याचा गिलास ओठाला लावला, तिनं तो हातानं सारला. पाणी अंथरुणावर सांडलं. "तुह्या हातचं नको. म्या येडी होती, मले काय समजते? तू दवाखान्यात होती. तुले त समजाले पाह्यजे होतं." मी सुनेला बोलावलं आणि मागे गोठ्यात जाऊन उभी राहिले. दुपारी तिनंच हाक मारली, "धाकटे, कुठी मेली वं? तहान लागली मले." मी पाणी दिलं, ती प्यायली. त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही. दोन्ही गोष्टी तिच्या मनातल्याच होत्या, तेलाच्या वेळची आणि गिलासाची. एक खरी नि दुसरी खोटी असं मला म्हणता येत नाही.

ती गेली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन ओट्यावर आलं होतं. सुनेनं आधी तोंडावर हात ठेवला, मग रडायला लागली. शेजारच्या बायका आल्या, एकीनं जमीन सारवली. शेवटी गाऊन काढून आम्ही तिला तिचं लुगडं नेसवलं. गाठ मी बांधली, ढिली, उजव्या कुशीवर.

मग खाटेवरून खाली घ्यायचं. भासरे उंबऱ्यात उभे होते. एक शेजारीण म्हणाली, "धाकटे, तू डोक्याकडं धर." मी खांद्याखाली हात घातले. आजारानं अंगात काही उरलंच नव्हतं. आम्ही तिला उचललं आणि ओल्या जमिनीवर आणलं, पण मी ठेवेना. पदर डोक्यावर ओढून मी भासऱ्यांकडे वळले.

"उत्तर कोनती?" मी विचारलं.

ते म्हणाले, "इतके वर्स झाले या घरात येऊन. उत्तर माईत नाई तुमाले?"

माहीत होती. त्यांनी हात करून दाखवेपर्यंत मी तिला तशीच धरून उभी राहिले, आणि मग फिरवली.